गुंगीतलं बोलणं

"आ करा बाई, अजून थोडं," डॉ. तेरदाळे म्हणाले, आणि मी त्यांच्या बोटाला कडकडून चावले.

मुद्दाम नाही हो. त्यांच्या हातातला चिमटा डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसला आणि जबडा आपोआप मिटला. त्याच्या आदल्या खेपेला तर मी खुर्चीतनं उठून, गळ्यातल्या त्या हिरव्या फडक्यासकट, मिरजेच्या एसटी स्टँडपर्यंत धावत गेले होते. कंडक्टरनं विचारलं होतं, "ताई, जेवता जेवता ताटावरनं उठून आलाय काय?" गाडीतली माणसं हसली, आणि मी एवढी घाबरलेली की मीही हसले.

मी भित्री बाई नव्हे. विंचू चपलेनं चेचलाय, म्हशीचं अडलेलं रेडकू रात्रीत एकटीनं ओढून काढलंय. पण दाताचं नाव निघालं की मी दार शोधते. लहानपणी आमच्या गावच्या लोहारानं पक्कडीनं माझी दाढ उपटली होती. चौघांनी हातपाय दाबून धरले होते, त्यात माझा बापही होता. दाढ निघाली अर्धीच. तेव्हापासून जो धसका घेतला तो घेतलाच.

डॉक्टरांनी बोट धुतलं, पट्टी लावली आणि माझ्या मालकांकडं वळले. माणूस फार शांत. म्हणाले, "हे बघा संपतराव, यांच्या खालच्या दाढेत पू आहे. गाल सुजलाय तो त्यानंच. गोळ्यांनी पाच-सहा दिवस दबेल, पण दाढ ठेवून चालणार नाही. पू गळ्याकडं उतरला तर श्वास कोंडतो. मग गोष्ट माझ्या हातात राहत नाही."

"मग बांधून काढा की," मालक म्हणाले. आमच्या मालकांचं बोलणं असं.

"बांधून कशाला? भीतीवरही औषध असतं," डॉक्टर हसले. "एक म्हणजे नुसतं हिरडी बधिर करायचं. ते यांना पुरणार नाही, बोट साक्षीला आहे. दुसरं, तासभर आधी एक गोळी घ्यायची, भीती जरा बोथट होते. पण यांची भीती गोळीला दाद देईल असं मला वाटत नाही. तिसरं, नाकावर नळी लावून एक वायू हुंगवतात, माणूस हलकं होतं. ते यंत्र माझ्याकडं नाही, पुण्याला जावं लागेल. आणि चौथं, आमच्या भूलतज्ज्ञ इनामदार मॅडम येतात, शिरेतनं औषध देतात. पुरती झोप नाही लागत. हाक मारली तर ओ द्याल, तोंड उघडा म्हटलं तर उघडाल. पण नंतर यातलं काही म्हणजे काही आठवणार नाही."

मला ते ऐकूनच बरं वाटलं. आठवणारच नाही म्हणजे झालंच नाही.

तेवढ्यात मालकांनी विचारलं, "म्हंजे ही त्यात बोलंल, आणि काय बोलली ते हिलाच ठावं नसंल?"

"काहीजण बडबडतात खरं," डॉक्टर म्हणाले. "एकानं तर उधारी कुणाकुणाची ठेवलीय ते सगळं सांगून टाकलं."

मालक पोट धरून हसले. मी हसले नाही. चिमट्याची भीती त्या क्षणी गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली.

ती कसली, ते सांगते.

मला एक नणंद आहे, विमल. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजला होती. माझ्या वेण्या घालायची, मामांना चोरून मला सायकल शिकवायची. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. तर या विमलवन्संनी मिरजेच्या रेल्वेत फिटर असलेल्या पोराशी लग्न केलं. पोरगा सोन्यासारखा, पण जातीत बसणारा नव्हता. बातमी आली त्या दिवशी मामा अंगणातल्या धोंड्यावर बसले आणि तिच्या नावानं अंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी. जिवंत पोरीच्या नावानं. मग आत्तीला त्याच धोंड्यावर बसवलं. पाणी ओतायला मला सांगितलं. मी ओतलं.

त्यानंतर त्या घरात विमल हा शब्द कुणी काढला नाही. मामांचा चुलतभाऊ तिच्या लग्नाला गेला होता, तर त्याच्याशी भावकी तुटली, बांधावरनं जायची वाटही बंद झाली. "जो तिच्या सावलीला जाईल, त्यानं या उंबऱ्यात परत पाय टाकायचा न्हाई," हे मामांचे शब्द. आणि मामांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आणि मी तिला भेटत होते. आठ वर्षं. वर्षातनं तीनचारदा, बाजाराला म्हणून मिरजेला जायचं आणि स्टँडमागच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसायचं. तिला दोन पोरी झाल्या, दोघींचं बारसं मी त्या गुऱ्हाळाच्या बाकावर ऐकलं. मालकांनाही सांगितलं नव्हतं. ते मनानं चांगले, पण बापासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मामांनी विचारलं असतं तर कबूल करून मोकळे झाले असते.

हे मामांना कळलं असतं तर मला माहेरच्या एसटीत बसवलं असतं आणि माझा सुजित ठेवून घेतला असता. तिसरीत होता तेव्हा. रात्री माझ्या पदराचं टोक धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

गुंगीत माणूस खरं बोलतं, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. शेजारच्या तानूबाईचं पोटाचं ऑपरेशन झालं, तर शुद्धीवर येता येता तिनं सासूच्या ट्रंकेतल्या सोन्याच्या पुतळ्या कुणी मोडून खाल्ल्या ते घडाघडा सांगितलं. खाल्ल्या होत्या तिनंच. सासू उशाशी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात डबा बंद.

तरी मी मनाची समजूत घातली. सोबत मालक असणार. बोललेच काही, तर नवऱ्याच्या पाया पडेन, सुजितची शपथ घालेन. पाच दिवस गोळ्या गिळल्या. सूज उतरली, पण रात्री गिळताना गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं आणि मी उठून बसायचे. तोंड उघडावं तर विमलवन्सं बाहेर पडणार, नाही उघडावं तर जीव जाणार. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ना, तसं.

ठरल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तयार होऊन बसले, तोच मालक कामाला होते त्या साखर कारखान्यातनं माणूस सायकल मारत आला. गाळपाचा सीझन, आणि ऊस आत ओढणारी गव्हाणीची साखळी तुटलेली. मालकांना तसंच जावं लागलं.

"मग आज राहू द्या," मी म्हटलं. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात कधी रद्द केलेलं नाही काही.

"ऱ्हाऊ द्या कशापायी?" आत्ती चुलीपुढनं उठली. "मी येतो की. गोळ्या संपल्या. आता पुन्ना सुजली म्हंजे?"

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात. तिनं नवं लुगडं नेसलं, चपला घातल्या. मी पायरीवर बसून राहिले.

"तुम्हाला एसटी लागते, आत्ती."

"लागू दे. ऊठ."

मामा कट्ट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "जा जा. आणि काय काय बरळती ते नीट ऐकून ये गं. आमच्या सूनबाईच्या पोटात काय काय हाय ते एकदा कळू दे आमाला."

थट्टा होती. सगळी गल्ली तेव्हा माझी थट्टाच करत होती. पण मला ती थट्टा वाटेना.

दवाखान्यात भूलवाल्या इनामदार मॅडम आल्या. मध्यम वयाच्या, हाताला अत्तराचा मंद वास. "काही खाल्लं-प्यायलं नाही ना? सोबत कोण आहे? आज दिवसभर यांना एकटं सोडायचं नाही." आत्तीनं मान हलवली. मॅडमनी माझ्या बोटाला चिमट्यासारखं काहीतरी लावलं आणि पडद्यावर माझ्या काळजाचे ठोके टिकटिकायला लागले. काय वेगानं चालले होते ते, मलाच ऐकून घाम फुटला.

मी त्यांचा हात धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, यात माणूस खरं बोलतं का हो?"

"खरं-खोटं असं नसतं. कुणी गाणं म्हणतं, कुणी रडतं. बहुतेक जण नुसते पडून असतात."

"पण मी काय करेन?"

"ते आधी सांगता येत नाही."

"आणि मला नंतर कळणार नाही, मी काय केलं ते?"

"नाही कळणार. तोच तर फायदा." त्या हसल्या. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं. "कशाची भीती वाटतेय तुम्हाला?"

मी दाराकडं बघितलं. आत्ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "सासूबाईंना आत येऊ देऊ नका. काही झालं तरी."

"बरं," त्या म्हणाल्या. "दार लावून घेते." आणि खरोखर उठून त्यांनी दार लावलं.

सुई टोचली तेव्हा मी दात आवळून मनात एकच घोकत होते: बोलू नकोस, बोलू नकोस, बोलू नकोस. मॅडम म्हणाल्या, "हात जड वाटेल." वाटला. छतावर एक पाल होती. तिच्याकडं बघत मी पुन्हा घोकायला लागले.

आणि मग मी बाजूच्या खोलीतल्या कॉटवर होते.

मधलं काही नाही. कापून काढल्यासारखं. पाल नाही, चिमटा नाही, डॉक्टर नाहीत. गालाचा लाकडाचा ठोकळा झालेला, दातांखाली कापसाचा बोळा. आणि माझ्या शेजारी स्टुलावर आत्ती. माझा हात तिच्या दोन्ही हातांत होता आणि ती रडत होती.

आवाज नाही, हुंदका नाही. नुसती धार. लुगड्याचा पदर गळ्याखाली ओला झालेला.

मला वाटलं, झालं. संपलं.

उठायला गेले तर मॅडमनी खांद्याला धरून निजवलं. "बोळा घट्ट चावून धरा. अर्धा तास बोलायचं नाही." मी डोळ्यांनीच विचारलं, ही आत कशी? त्यांना माझं विचारणं कळलं असावं. म्हणाल्या, "मीच बोलावलं यांना. तुम्ही फार अस्वस्थ झालात, कुणाला तरी हाका मारत होतात. या आल्या तेव्हा शांत झालात." आणि त्या दुसऱ्या पेशंटकडं गेल्या.

हाका मारत होते. कुणाला, ते काही त्या बोलल्या नाहीत.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. तोंडात बोळा, बोलता येत नाही, आणि ती बाई माझ्याकडं बघतेय. मध्येच डोळे पुसते, मध्येच खिडकीतनं रस्त्याकडं बघते, पुन्हा माझ्याकडं. तिनं एकदा माझ्या कपाळावरनं हात फिरवला तर माझं अंग शहारलं. मला सुजित दिसत होता. शाळेतनं घरी आलाय आणि माझं लुगडं दांडीवर नाही. मला वाटलं, हिच्या पाया पडावं. आत्ताच, गाडीत बसायच्या आत. घरी पोचल्यावर ती मामांची बायको होणार. इथं अजून नुसती बाई आहे.

नर्सनं बोळा काढला. मी थुंकी गिळली आणि म्हटलं, "आत्ती, मी बोलले ते मामांना सांगू नका."

जीभ बधिर होती, शब्द ओल्या कपड्यासारखे पडत होते. आत्तीनं मान वर केली. "काय बोललीस?"

मला वाटलं, ही माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेतेय. शुद्धीवर असताना, म्हणजे नंतर नाकबूल होता येणार नाही. आमच्या घरात चोरीमारी अशीच कबूल करून घेत. मग म्हटलं, आता लपवायचं तरी काय उरलंय?

"मी विमलवन्संना भेटते, आत्ती. आठ वर्षं झाली. चूक की बरोबर ते मला विचारू नका, मला राहवलं नाही. दोन पोरी आहेत त्यांना. मोठी थेट तुमच्यावर गेलीय, हनुवटीला खळीसुद्धा आहे. जावई दारूला शिवत नाहीत. आणि आता पुढच्या महिन्यात त्यांची बदली होतेय, पार बंगालात, खरगपूरला. मग भेट नाही. मी एवढंच केलं. माझा सुजित माझ्यापासनं तोडू नका. मी मामांच्या पाया पडेन, पण पोराला तोडू नका."

आत्ती स्टुलावर जशी होती तशी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हळूहळू मला कळायला लागलं की ती हे पहिल्यांदा ऐकतेय.

"मी गुंगीत हेच बोलले ना?" मी विचारलं.

"न्हाई," आत्ती म्हणाली. "तू पानी मागत हुतीस."

"मग हाका?"

"आईला मारत हुतीस. आई, ए आई, मला धर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमीच धरा हात." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोरीच्या आवाजात आई म्हटल्यालं ऐकून आठ वर्सं झाली मला. म्हणून रडलो. दुसरं काय न्हाई."

शिरेतलं औषध मला बोलवू शकलं नव्हतं. माझी भीतीच माझ्याकडनं बोलवून गेली. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा म्हणतात तो हाच, आणि तोही शुद्धीत.

"आत्ती," मी म्हटलं, "आता?"

तिनं औषधांची पिशवी उचलली, मला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं.

एसटीत ती खिडकीशी बसली. तिला गाडी लागते, पण त्या दिवशी लागली नाही. मी दोनदा तिच्याकडं बघितलं. ती ओठ मिटून बाहेर उसाकडं बघत होती. गालाची बधिरता उतरत होती आणि दाढेच्या खड्ड्यात कळ उठत होती. त्या कळेकडं माझं लक्ष नव्हतं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मला वाटायचं, इथंच उतरावं, सुजितच्या शाळेत जावं, पोराला घ्यावं आणि कुठंही निघून जावं. पण कुठं जाणार?

घरी मामा कट्ट्यावरच होते. शेजारी तानूबाईचा नवरा आणि अजून दोघं. मला बघून मामांनी सुपारी गालात सरकवली. "या. निघाली का दाढ? मग? काय काय बरळली आमची सूनबाई?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आत सुजितचं दप्तर खुंटीला दिसत होतं.

आत्तीनं पिशवी खाली ठेवली, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, चूळ भरली. तेवढा वेळ सगळे तिच्याकडं बघत राहिले. मग ती म्हणाली, "पानी मागत हुती. अजून काय मागणार उपाशी माणूस?"

लोक हसले. मामाही हसले. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"पर एक झालं," आत्ती म्हणाली आणि उजवा गाल तळहातानं धरला. "डॉक्टरनी माझं बी तोंड बघितलं. माझी बी दाढ बिघडलीया. चारपाच येळा तरी यावं लागंल म्हणाले. म्हैनाभरात संपवायचं म्हणाले, त्याच्या पुढं उपेग न्हाई."

मामा तिच्याकडं बघत राहिले. "तुझी दाढ? अगं, तू ऊस सोलतीस की दातानं."

"आतनं दुखतंय," आत्ती म्हणाली. "लई दिस झालं. कुणाला सांगितलं न्हाई."

मामांनी अडकित्ता बंद केला. मग म्हणाले, "बरं. सुनंला घिऊन जा मग."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आत्ती पहाटे उठली आणि शेंगदाण्याचे लाडू वळायला बसली. मोठा डबा भरला, फडक्यात गाठ मारून बांधला, उरलेले घरच्या डब्यात घालून फळीवर ठेवले. आम्ही निघालो तर मामा दारात उभे.

"लाडू कुणाला?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरच्या पोरींस्नी," आत्ती म्हणाली.

"किती पोरी हाईत?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघत राहिले. "दोन," तीच म्हणाली.

मामा तसेच उभे राहिले. त्यांना काय कळलं होतं, कधी कळलं होतं, ते मी त्यांना ते असेपर्यंत विचारलं नाही. ते आत गेले. मी आणि आत्ती अंगणात एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. आतनं फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओंजळीत उरलेले लाडू होते.

"दोन पोरींना एवढ्यानं काय हुतंय," मामा म्हणाले. "हे बी घाल."